उंच दारांच्या घरातले काका

बडोद्याला आम्ही ज्या घरात भाडेकरू म्हणून राहायला गेलो, त्या घराची दारं पहिल्या दिवशी मला फार विचित्र वाटली. रावपुऱ्यातली आमची ती गल्ली जुनी. बाकीच्या सगळ्या घरांच्या चौकटी इतक्या खाली, की आत शिरताना मान वाकवायची आठवण राहिली नाही तर टेंगूळ ठरलेलं. या एकाच घराची दारं मात्र देवळाच्या महाद्वारासारखी उंच. आमचे हे चांगले धिप्पाड. जातील तिथे कपाळ आपटून घेणारे. ते त्या दारात उभे राहिले, हात वर करून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "घरमालक कोणी पैलवान दिसतो."

तेवढ्यात आतून आवाज आला. "या, या! सामान ओट्यावर नको, सरळ आत घ्या!"

आवाज असा, की वळचणीची कबुतरं उडाली. आम्ही दोघांनीही त्या उंच दाराकडे, आवाज आला असावा तेवढ्या उंचीवर नजर लावली. तिथे कोणीच नव्हतं.

"वर काय बघता? मी इथे आहे."

आम्ही खाली पाहिलं. दारात उभे असलेले गृहस्थ माझ्या खांद्याला लागत होते. आणि मी काही उंच बायकांतली नव्हे.

हे आमचे घरमालक. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. गल्लीत मात्र त्यांना दोन नावं होती. मराठी घरांतून 'बुटकोबा' आणि गुजराती घरांतून 'बटका काका'. मागून नव्हे, चक्क तोंडावर. लग्नाच्या पंगतीत वाढणारासुद्धा विचारायचा, "बटका काकांना जिलबी पोचली का?" काका ओ देत. एकदा मी धीर करून विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?"

"कशाचा? उंची देवानं दिली, बुटकेपणा लोकांनी दिला. उंची माझी, ती मी सांभाळतो. बुटकेपणा त्यांचा, तो त्यांनी सांभाळावा."

पण सांभाळताना त्यांची तऱ्हा काही और होती. ते कधी चवड्यांवर उभे राहिले नाहीत. कधी पाटावर, पायरीवर चढून कोणाशी बोलले नाहीत. कचेरीतल्या एका हितचिंतकाने त्यांना जरा उंच बांधणीची पगडी आणि जाड तळाचा जोडा घ्यायला सुचवलं होतं. काका म्हणाले, "डोक्याच्या वर असेल ते पागोटेवाल्याचं, टाचेच्या खाली असेल ते मोच्याचं. मधलं काय ते माझं." आणि दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम अगदी चपटी पगडी घालायला लागले.

कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा त्यांच्या हाताला येत नसे. शेजारचा कोणी वाजवून देऊ लागला तर ते हात करून थांबवत, आणि गाभाऱ्याकडे तोंड करून त्या आवाजात म्हणत, "देवा, मी आलोय!" पुजारी दचकायचा. देव दचकत असेल तर ठाऊक नाही.

नोकरी न्यायकचेरीत, शिरस्तेदाराची. पक्षकारांना पुकारणं हे खरं पट्टेवाल्याचं काम, पण पट्टेवाल्याच्या हाकेने अंगणातला माणूस हलत नसे, म्हणून काकाच पुकारत. लांबच्या खेड्यातून आलेला एखादा पाटीदार आपलं नाव ऐकून घाबऱ्याघुबऱ्या आत यायचा, चारी बाजूंना मान उंच करून बघायचा आणि विचारायचा, "साहेब क्यां छे?"

"नीचे जो," काका खालून म्हणत.

ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि स्वतःच सर्वांत मोठ्यांदा हसत. त्या हसण्यात काही खोटं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

त्या उंच दारांचं कोडं काकूंना पाहिल्यावर सुटलं. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. त्या आमच्या ह्यांच्या बरोबरीच्या उंच. सडपातळ, सावळ्या, आवाज अगदी मऊ. मान मात्र कायम पुढे झुकलेली, जणू जमिनीवर पडलेलं काही शोधताहेत. दुपारी तांदूळ निवडायला आम्ही दोघी ओट्यावर बसत असू. तिथेच त्यांनी मला त्यांच्या लग्नाची हकीकत सांगितली.

"मला सोळावं सरलं होतं बाई. त्या काळी सोळा म्हणजे काय, घरात कुजबुजून बोलायची गोष्ट. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, मुलगी थोराड आहे. मग हे बघायला आले. वडिलांनी मला आधीच पाटावर बसवून ठेवलं, आणि मंडळी जाईपर्यंत उठूच दिलं नाही. पानसुपारी द्यायलाही धाकटी बहीण. आणि मी मान वर केली तोवर हे बसलेले होते. बसल्यावर कोणाला काय कळतंय? ठरलं."

"मग कळलं कधी?"

"मांडवात!" काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "अंतरपाट धरला, तर वरून माझं कपाळ दिसतंय आणि पलीकडे यांच्या पगडीचाही पत्ता नाही. मंडळी हसायला लागली. अक्षता टाकायचं विसरून हसत होते सगळे. मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. अंतरपाट काढला, मी यांच्या गळ्यात हार घातला, ते सोपंच होतं. आता यांनी घालायचा. मामा माझ्या कानात म्हणाले, वाक पोरी. मी वाकायला लागले, तर समोरून हा आवाज! 'वाकू नकोस!' सगळा मांडव चिडीचूप. मग हळू आवाजात म्हणाले, 'मी बघतो काय ते.' आणि हार वर फेकला. पहिल्यांदा माझ्या नाकावर आदळून खाली पडला. दुसऱ्यांदा बरोबर गळ्यात."

माप ओलांडून घरात शिरताना नव्या नवरीचं कपाळ चौकटीला थाडकन लागलं. त्याच महिन्यात काकांनी गवंडी बोलावला. त्यांच्या आत्याबाई घरातल्या वडीलधाऱ्या. त्यांनी खूप आरडाओरडा केला, बाप-आज्याने बांधलेल्या भिंती सुनेपायी फोडतोस म्हणून. काका म्हणाले, "ती घराची मालकीण आहे. मालकीण चोरासारखी वाकून का येईल?" पुढचं दार, मागचं दार, स्वयंपाकघर, माजघर, एकूण एक चौकट वर गेली. पाठोपाठ खुंट्या, फळ्या, शिंकंसुद्धा काकूंच्या हाताच्या उंचीवर गेलं. काकांनी स्वतःसाठी एक वेताची आकडी करून घेतली, आणि रोज सकाळी पगडी ते त्या आकडीने काढत. काकू शेजारीच उभ्या असल्या तरी.

बघणाऱ्यांना ही जोडी म्हणजे फुकटचा तमाशा. त्या दिवसांत नवरा-बायकोने रस्त्याने बरोबरीने चालणं हेच मुळात नवलाचं. बायको मागून, चार पावलं सोडून यायची. काका मात्र काकूंना शेजारी घेऊन चालत, आणि तेही भर बाजारातून. संध्याकाळी कमाटीबागेत बँड वाजायचा तेव्हा हे दोघे निघाले की पोरं मागून 'ताड आणि माड' असं काहीतरी ओरडत. माड ठेंगू असतो का, एवढंही त्यांना ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला सयाजीराव महाराजांची सवारी निघायची. ती पाहायला सारं बडोदं रस्त्यावर. एका वर्षी आम्हीही दोघांबरोबर गेलो. गर्दीत काकांच्या चहूबाजूंना पाठीच पाठी. आमच्या ह्यांनी त्यांना एका दुकानाच्या पायरीवर चढायला सांगितलं. काका म्हणाले, "मला बरं दिसतंय इथून." आणि काकूंना विचारलं, "कुठवर आले?"

"मांडवीकडून वळले. पुढे घोडेस्वार आहेत. मागे तोफ."

"सोन्याची का चांदीची?"

"सोन्याची. बैलांच्या शिंगांनापण सोनं. थांबा, हत्ती आला."

"महाराज?"

"अंबारीत. आता इकडे बघताहेत." काकू थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आपल्याकडेच बघितलं."

काकांनी तिथल्या तिथे, समोरच्या माणसाच्या पाठीला, कमरेतून वाकून मुजरा केला. रात्री जेवताना त्यांनी त्या सवारीचं असं वर्णन केलं, की आमचे हे, ज्यांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते हातातला घास तसाच धरून ऐकत राहिले.

काकूंच्या त्या झुकलेल्या मानेचं कारण कळलं ते एका उन्हाळ्यात. मांडवीजवळ एकांकडे मुंजीच्या गडगनेराच्या जेवणाला आम्ही तिघं चाललो होतो. ऊन तिरपं झालं होतं, पण तापच असा की रस्त्यावरची धूळ चटके देत होती. मी बघत होते, काकू मधेच काकांच्या डाव्या बाजूला जात, रस्ता वळला की उजव्या, मधेच दोन पावलं मागे राहत. मी सहज विचारलं, "काकू, सारख्या बाजू काय बदलताय?"

त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. पण मी पुन्हा विचारलं, काकाही बघायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "सावली पडते माझी."

"कुठे?"

"यांच्या अंगावर." मग अगदी खालच्या आवाजात, "मी घरात आले त्याच दिवशी आत्याबाईंनी सांगितलं होतं. बायकोची सावली नवऱ्याच्या डोक्यावरून गेली की त्याचं आयुष्य कमी होतं. उंच बाईनं जपून चालावं."

काका जागच्या जागी उभे राहिले.

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"आणि मान? तीपण त्याचसाठी वाकवतेस?"

काकूंनी नुसतं हं केलं. मला वाटलं, आता आत्याबाईंचा उद्धार होणार. पण त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि भर रस्त्यात गर्जना केली, "म्हणजे इतकी वर्षं मी बडोद्याच्या उन्हात भाजत चाललो, आणि माझ्या शेजारून एवढी सावली चालली होती!"

"अहो, हळू. लोक बघताहेत."

"लोक नेहमीच बघतात. आज जरा चांगलं काहीतरी बघू देत. मान वर कर."

काकूंनी केली नाही. काका हलले नाहीत. शेवटी ते अगदी वेगळ्याच, मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "ऊन लागतंय गं मला."

तेव्हा काकूंनी मान वर केली. मी त्यांना इतकी वर्षं रोज पाहत होते, पण त्या किती उंच आहेत आणि किती देखण्या आहेत, हे मला त्या क्षणी दिसलं. काका त्यांच्या सावलीत जाऊन उभे राहिले, पगडी काढून काखेत धरली आणि चालू लागले. त्या दिवसापासून बाजू बदलायचं काम काकांकडे आलं. रस्ता वळला की ते लगबगीने सावलीच्या बाजूला. कापडबाजारातला एक दुकानदार हसून, झकास छत्री मिळाली अशा सुरात म्हणाला, "काका, छत्री सारी छे!" काका म्हणाले, "भाई, आवी छत्री बजारमां नथी मळती."

काकूंची मान ताठ झाली ती झालीच. भीती मात्र गेली नसावी. त्यानंतरच्या वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी देवाला सांगून ठेवलंय. यांच्यातलं काही कमी करायचं असेल तर माझ्यातून घे." मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. ते बोलणं मी काकांच्या कानावर कधी जाऊ दिलं नाही.

दोन-तीन वर्षांनी एका पावसाळ्यात काकूंना ताप आला. कचेरीतल्या ओळखीने काकांनी मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर घरी आणले, वैद्यही आणले. काका उशाशी बसून असत आणि अगदी हळू बोलत. त्या हळू बोलण्यानेच आम्हाला धास्ती वाटायची. आठवडाभरात काकू गेल्या.

त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्याने मडकं धरलं. पुढचं मला आमच्या ह्यांनी सांगितलं. विश्वामित्री नदीच्या वाटेवर काका म्हणाले, "मला खांदा द्यायचाय." लोकांनी समजावलं, तिरडी कलंडेल, तुम्ही नुसता हात लावा. काका म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा वाटतंय, चार बोटं उंच असायला हवा होतो. आजच्या दिवसापुरता." मग आमच्या ह्यांनी आपला खांदा खाली घेतला. गुडघे मोडले आणि वाकले. ते बघून दुसरे दोघेही वाकले. काकांच्या खांद्याशी तिरडी सपाट झाली, आणि ते तिघं तसेच, अर्धे वाकून, नदीपर्यंत चालत गेले. हे रात्री घरी आले तेव्हा त्यांना पाठ सरळ करता येत नव्हती. "काकांनी नको म्हटलं नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. एवढंच म्हणाले, तिला हिसका बसू देऊ नका."

पुढे आमची बदली नवसारीला झाली. निघताना काका त्या उंच दारात उभे होते आणि ते दार मला पूर्वीपेक्षा कितीतरी मोठं वाटलं.

बऱ्याच वर्षांनी एका थंडीत, कामानिमित्त हे बडोद्याला निघाले तशी मीही बरोबर गेले. उतरलो काकांकडेच. काकांना नोकरीतून मोकळं होऊन बराच काळ लोटला होता. आवाज बसला होता. माजघरात झोपाळा होता तो तसाच. तोही काकूंच्या बेताने टांगलेला. पूर्वी दोघं त्यावर बसत, तेव्हा काकांचे पाय अधांतरी लोंबत आणि काकू एका पायाने सावकाश रेटा देत. आता काका एकटेच त्यावर बसले होते. पाय लोंबत होते, झोपाळा जागच्या जागी होता.

"सूनबाई, एक गंमत सांगू?" ते म्हणाले. "ती गेल्यापासून मला कोणी बुटका म्हणत नाही."

मी झोपाळ्याजवळ सरकून बसले.

"गल्लीतली नवी पोरं काका म्हणतात. बापजी म्हणतात. म्हातारा म्हणतात. बुटका कोणी म्हणत नाही. लोकांची चूक नाही. शेजारी कोणी असल्याशिवाय बुटकं होता येत नाही माणसाला."

"मग बरंच झालं की," मी आपलं काहीतरी म्हणाले.

"नाही गं," काका म्हणाले. "कसलं बरं."

दुपारी ते पिशवी घेऊन निघाले. जामफळं, म्हणजे पेरू, आणतो म्हणाले. मीही बरोबर गेले. गल्लीच्या तोंडाशीच एक जामफळवाला बसला होता, चांगला ताजा माल. मी थांबले, पण काका पुढे गेले. पुढे आणखी दोघं होते. काका बघेनातही. सूरसागरापर्यंत चालून, दम लागून, ते तळ्याच्या कठड्याशी बसलेल्या एका बाईसमोर उभे राहिले. ती डभोईकडची. जामफळांच्या हंगामात तेवढी छोट्या रुळांच्या आगगाडीने टोपली घेऊन येई आणि हंगाम संपला की दिसेनाशी होई.

तिने वर पाहिलं आणि तोंडभर हसली. "अरे, बटका काका! आवो, आवो!"

काकांचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिले.

"आजे पण एकला?" बाई म्हणाली. "लांबा काकी क्यां छे?"

काकांनी एक जामफळ उचलून नाकाशी धरलं.

"घेर छे," ते म्हणाले. आणि तो आवाज! पहिल्या दिवशी ऐकला होता तो. कठड्यावरची कबुतरं फडफडली.

बाई हसत हसत जामफळं निवडायला लागली. हाताने उंच-खालचं माप दाखवत म्हणाली, "काकी क्यां, ने तमे क्यां!" काकाही हसले. शेवटी तिने टोपलीच्या तळातून एक मोठं, पिवळंधमक जामफळ काढलं आणि काकींसाठी म्हणून वेगळं त्यांच्या हातात दिलं. "आ काकी माटे. एमने पाकेलुं भावे."

काकांनी ते पिशवीत टाकलं नाही. हातातच धरलं.

आम्ही परत निघालो. ऊन छान होतं, थंडीतलं. काका रस्त्याच्या एकाच बाजूने, सावकाश चालत होते. घर जवळ आलं तेव्हा तेच आपणहून म्हणाले, "अजून महिनाभर येईल ती. मग हंगाम संपतो."